तांबडा बाहेरच्या बाजूला

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ही गोष्ट मी शाळेत कोणालाच सांगितली नाही. नव्वदच्या दशकात वसई गावाजवळच्या एका शाळेत मला विज्ञान शिक्षक म्हणून घेतलं, तेव्हा नववी-दहावीचा प्रकाश, ध्वनी, चुंबकत्व, सगळंच माझ्या वाट्याला आलं. नालासोपाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत आदल्या संध्याकाळी मी धडा वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी तो जन्मापासून ठाऊक असल्यासारखा शिकवायचो. मुलांना कळत नसे. निदान मला तसं वाटायचं.

एका माणसाला मात्र कळत असावं. ते आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. त्यांना सगळी शाळा मामा म्हणे. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण सातवीपर्यंत, घर खाडीकडच्या गावात. वडील मिठागरात कामाला होते, घरची थोडी भातशेती होती. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू त्यांना हाताने ओळखता येई. अंधारातही बहिर्वक्र भिंग मागितल्यावर अंतर्वक्र कधी हातात आलं नाही.

प्रकाशाचा धडा मी इतिहासाने सुरू करायचं ठरवलं होतं. एका जुन्या पुस्तकात मला तो सापडला होता आणि वाचताना मी खरोखरच भारावून गेलो होतो. डोळ्यातूनच किरण बाहेर पडतात आणि वस्तूला चाचपून परत येतात, असं एके काळी मोठमोठे विद्वान मानत. मग हजारेक वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अरब विद्वानाने साधा विचार केला. सूर्याकडे पाहिलं तर डोळा दुखतो. म्हणजे काहीतरी बाहेरून आत येत असलं पाहिजे. त्याने अंधाऱ्या खोलीत एका भोकातून येणारा उजेड पाहिला, दिवे मांडले, दिवे झाकले, आणि प्रकाश कसा चालतो ते तपासलं. नुसतं म्हणण्यापेक्षा मांडून बघायचं, ही रीत त्याची.

"मामा, आपल्याला खोली अंधारी करता येईल?" मी विचारलं.

"किती अंधारी पाहिजे?"

"अगदी."

दुसऱ्या दिवशी सगळ्या खिडक्यांना काळा कागद लागला होता आणि एका कागदाला पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक होतं. दार लावलं आणि मुलं ओरडलीच. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर चर्चचा मनोरा खाली डोकं करून उभा होता. केळीची झाडं छताला लोंबत होती. रस्त्यावरून होळी बाजाराकडची एक भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन चालली होती, तीही उलटी, रंगांसकट.

"सर, बाईची पाटी पडंल!" मागून एकजण म्हणाला.

"तिची नाय पडत," मामा अंधारातून म्हणाले. "तू तुझं दप्तर सांभाळ. मघाशी माझ्या पायावर टाकलंस."

त्या तासाइतका चांगला तास मी आयुष्यात फार थोड्या वेळा घेतला, आणि त्यातला अर्धा मामांनी घेतला होता.

पुढच्या आठवड्यात लोलक. शाळेकडे दोन लोलक होते, एकाचा कोपरा उडालेला. मी मुलांना सांगितलं, की काचेतून रंग पडतात हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पण ते समजत की उजेड मुळात स्वच्छ, आणि काच त्याला रंग लावते. सव्वातीनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज तरुणाने पहिल्या लोलकातून निघालेला एकच रंग दुसऱ्या लोलकातून पाठवला. काच रंग लावत असती तर दुसऱ्या काचेने आणखी काहीतरी लावलं असतं. तसं झालं नाही. तांबडा तांबडाच राहिला. रंग काचेत नव्हते, उजेडातच होते. मामांनी आरशाने ऊन आत घेतलं, लोलक धरला आणि भिंतीवर तानापिहिनिपाजा उमटलं. सगळ्यात कमी वाकलेला तांबडा, सगळ्यात जास्त जांभळा. मुलांनी वहीत आकृती काढली.

तास संपायला दहाएक मिनिटं होती. मामा पुढे आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक पांढरं पीस काढलं.

"सर, जरा एक मिनिट. पोरांना पन दाखवू काय?"

खोलीच्या टोकाला त्यांनी आधीच एक टॉर्च मांडून ठेवला होता, तोंडावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्याला बारीक भोक. पीस त्यांनी माझ्या डोळ्याजवळ धरलं. "त्या भोकाकडं बघा यातनं."

मी पाहिलं. मधोमध पांढरा ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने रंगीत ठिपके. इंद्रधनुष्याचे छोटे छोटे तुकडे दोऱ्यात ओवावेत तसे.

"बगळ्याचं पीस हाय," मामा सांगू लागले. "मिठागरावर पडलेली असतात. लहानपनापासून बघतोय मी. पान्यावर ऊन चमकतं ना, त्या चमकेकडं पिसातनं बघायचं. तेव्हा नुसती मजा वाटायची. पन आज तुमचा लोलक बघितला आनि माझं डोकंच फिरलं. काचेत जांभळा सगळ्यात जास्त वाकला. आता पिसात बघा, जांभळा आतल्या बाजूला हाय आनि तांबडा बाहेरच्या बाजूला. उलटं झालं. म्हंजे हे काचेसारखं नाय, दुसरंच काहीतरी हाय. नाय काय, सर?"

मी परत पाहिलं. तांबडा बाहेरच्या बाजूला होता. ते मला स्पष्ट दिसलं. मला उत्तर येत नव्हतं, आणि चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती.

"मामा," मी म्हणालो, "पक्षी चोचीने पिसांना तेल लावतात. पाण्यावर रॉकेल सांडलं की रंग दिसतात की नाही? तसंच हे. रंग पिसाचे आहेत, प्रकाशाचे नाहीत."

"पन सर, पीस तर पांढरं–"

"पांढऱ्यातच सगळे रंग असतात, हे आत्ताच शिकवलं ना? तुम्ही ऐकत नव्हता वाटतं. जा, ती चंचुपात्रं धुवायला घ्या."

वर्ग हसला. मामांनी पीस कागदात गुंडाळून खिशात ठेवलं, टॉर्च बंद केला आणि मोरीकडे गेले.

अर्ध्या तासापूर्वी मी त्याच मुलांना सांगितलं होतं की रंग काचेत असतात ही लोकांची चूक होती. काचेच्या जागी मी पीस घातलं आणि तीच चूक केली, तीही शिकवण्याच्या आवाजात. हे मला त्या दिवशीच कळलं होतं का? बसमध्ये घरी जाताना कळलं होतं. मग मी ते बाजूला सारलं.

पुढचे काही दिवस पोरं मामांना जाता-येता विचारत, "मामा, पिसाला तेल कुठलं? खोबरेल की गोडं?" मामा हसायचे. पण तेव्हापासून माझा तास सुरू झाला की ते साहित्य मांडून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहू लागले. पूर्वी ते खोलीच्या मागे बाकावर बसून माझा प्रत्येक तास ऐकायचे. मी त्यांना आत बोलावलं नाही. काही दिवसांनी चिडवणं थांबलं. पोरं कंटाळली असतील, असं मी धरून चाललो.

महिन्याभराने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्र आलं. 'प्रकाश माणसाला कसा कळत गेला' असा विषय मी मुख्याध्यापिका बाईंना सुचवला आणि त्यांनी तो लगेच मान्य केला. पाच टेबलं ठरली. मधल्या सुट्टीत मामा शिक्षकखोलीच्या दारात आले. आत यायचे नाहीत ते.

"सर, तेल धुतलं मी."

"कसलं तेल?"

"पिसाचं. रिठ्याच्या पान्यात दोन वेळा धुतलं. उन्हात वाळवलं. तरी रंग तसेच दिसतात. परत कोंबडीचं घेतलं, कबुतराचं घेतलं. तिथं पन दिसतात. कबुतराचं पीस करडं हाय, तरी रंग तेच आनि तांबडा बाहेरच." त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकवला. "एक टेबल मला देता काय? शेवटचं, कोपऱ्यातलं चालंल. मी स्वतः उभा राहतो. लोकांना नुसतं दाखवायचं, बोलायचं काय नाय. निवृत्तीच्या आधी एकदा इच्छा हाय."

"नियमात बसत नाही, मामा. सादरीकरण फक्त विद्यार्थ्यांनी करायचं असतं."

नियम मी वाचलाच नव्हता. आजपर्यंत वाचलेला नाही.

रिठ्याने मात्र माझी झोप उडवली. मी मारे 'मांडून बघायची रीत' म्हणून वर्गात भाषण ठोकलं होतं आणि सातवी शिकलेल्या माणसाने माझं म्हणणं खरोखर मांडून बघितलं होतं. पुढच्या रविवारी मी मुंबईला एका मोठ्या ग्रंथालयात गेलो. कबूल करतो, गेलो तो मामांना चुकीचं ठरवायलाच.

प्रकाशशास्त्राच्या इतिहासाचा एक जाड ग्रंथ तिथे मिळाला. दुपार होईपर्यंत मी वाचत होतो. त्यात पीस होतं. लोलकवाल्या त्या इंग्रजाच्याच काळात स्कॉटलंडमधल्या एका गणितज्ञाने बारीक भोकातून ऊन घेतलं, त्यापुढे पक्ष्याचं पीस धरलं आणि पांढऱ्या कागदावर रंगांचे ठिपके पाहिले. त्याने एका पत्रात हे लिहिलं आणि लोलकवाल्याचं यावर काय मत आहे ते विचारावं असं सुचवलं. पुढे फारसं काही झालं नाही. पिसाच्या बारीक फटींतून जाताना प्रकाश पसरतो आणि निरनिराळ्या फटींतून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात, जिथे जुळतात तिथे उजेड आणि जिथे जुळत नाहीत तिथे अंधार, हे कळायला शंभराहून जास्त वर्षं जावी लागली. तांबड्याची लाट लांब, म्हणून तो जास्त पसरतो. म्हणून तो बाहेरच्या बाजूला. याला विवर्तन म्हणतात. मामांचं वाक्य अक्षरशः बरोबर होतं: हे काचेसारखं नाही, दुसरंच काहीतरी आहे.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट वाचली ती मी कधीच विसरलो नाही. प्रकाश म्हणजे लाटा, असा निबंध एका तरुण फ्रेंच इंजिनियरने पॅरिसच्या स्पर्धेला पाठवला. परीक्षकांत एक मोठा गणितज्ञ होता. त्याला लाटा मान्य नव्हत्या. त्याने गणित करून दाखवलं, की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजेडाचा ठिपका पडला पाहिजे. सावलीत उजेड! म्हणजे निबंध चुकीचा. पण परीक्षकांपैकीच दुसऱ्या एकाने हसून सोडून दिलं नाही. त्याने चकती मांडली आणि पाहिलं. ठिपका होता. बक्षीस त्या इंजिनियरला मिळालं.

लाटांची बाजू जिंकली असं पुढे सगळ्यांना वाटलं. मग प्रकाशाची लाट विजेची आणि चुंबकत्वाची आहे हे कळलं. आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे प्रयोग समोर आले की प्रकाश दाण्यादाण्यांनी येतो असंही मानावं लागलं. आपल्याकडच्याही एका शास्त्रज्ञाने बोटीवरून समुद्राचा निळा रंग पाहिला, त्याचं तेव्हाचं उत्तर त्याला पटेना, आणि त्या न पटण्यातून पुढे एक नवा शोध लागला. एवढी थोर माणसं, आणि प्रत्येकाचं थोडं तरी चुकलं. तरी विषय पुढे सरकत राहिला, कारण कुणीतरी दुसऱ्याचं ऐकून घेत होतं. मी खिडकीशी बसून हे वाचत होतो आणि मला व्हरांड्यात उभे असलेले मामा आठवत होते.

एवढं सगळं वाचून मी काय केलं? सोमवारी मुलांना म्हणालो, "मी एका ग्रंथात पिसाचा एक जुना प्रयोग वाचलाय. आपण सहावं टेबल लावू."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मी फळ्याकडे वळलो.

मामांना मी पीस मागितलं. त्यांनी दिलं. प्रदर्शनात सहाव्या टेबलापासून लांब, भोक पाडलेल्या पडद्यामागे टॉर्च घेऊन कोणीतरी उभं राहायला हवं होतं. तिथे मामा उभे राहिले. परीक्षक म्हणून आलेले प्राध्यापक इतर टेबलांपाशी दोन-दोन मिनिटं थांबले, पिसापाशी बराच वेळ. पीस डोळ्याला लावून ते लहान मुलासारखे हसले.

"सुंदर! ही कल्पना कोणाची?"

"वाचनात आली होती, सर," मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. पडद्यामागचा टॉर्च जराही हलला नाही. आमच्या शाळेचा पहिला क्रमांक आला.

मामा निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मला बोलायला सांगितलं. आता सांगावं, असं ठरवून मी उठलो होतो. बोललो ते असं, की मामांच्या हातून इतक्या वर्षांत एक परीक्षानळी फुटली नाही. टाळ्या पडल्या. शाल दिली. मी खाली बसलो आणि समोरच्या फराळाच्या बशीकडे बघत राहिलो.

यानंतर काही वर्षांनी त्याच वर्गाच्या मुलांनी शाळेच्या सभागृहात मेळावा भरवला. तोवर वसईत जिकडे तिकडे इमारती उठल्या होत्या. मुलं तिशीकडे झुकलेली, कोणी बँकेत, कोणी अर्नाळ्याला घरच्या बोटींचा व्यवसाय सांभाळणारा, एक मुलगी आखातातल्या रुग्णालयात परिचारिका. त्यांनी मामांनाही बोलावलं होतं. ते पहिल्या रांगेत बसले होते, एका डोळ्यावर नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तेव्हा हसलेला वर्ग समोर होता आणि ज्यांना हसला ते मामाही समोर होते. अशी वेळ परत येणार नव्हती.

मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. रसायनशास्त्राची पदवी, तेल, रिठा, न वाचलेला नियम, ग्रंथालय, 'वाचनात आली होती'. "तुमच्यासमोर मी मामांचा अपमान केला," मी म्हणालो, "आणि मग त्यांचंच पीस घेऊन शाबासकी मिळवली. प्रयोग त्यांचा होता. ते बरोबर होते, मी चूक होतो. हे तुम्हाला माहीत असायला हवं."

ती परिचारिका उठली.

"सर, बसा ना आधी. आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळंच. आम्ही तेव्हा मामांना तेलावरून चिडवायचो ना, तर एक दिवस मामा म्हणाले, चिडवता कशाला, या, बघा. मग रोज शाळा सुटल्यावर आम्ही प्रयोगशाळेत जायचो. पीस धुतलं, कापलं, ओलं केलं. मामांनी आम्हाला नोंदींची वही ठेवायला लावली."

"मी तर आजोबांच्या छत्रीतनं बघितलं," अर्नाळ्याचा म्हणाला. "काळी छत्री, तरी रंग! मग माझ्या बहिणीची ओढणी आणली. जितकी कापडाची वीण बारीक तितके ठिपके लांब लांब. लिहून ठेवलं होतं आम्ही."

"छत्री परत कुठे दिलीस? तिला भोक पाडलंस," कोणीतरी ओरडलं.

"भोक आधीच होतं!"

माझ्या पाठीमागे, माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्या चुकीची तपासणी चालली होती आणि ती माझ्या तासांपेक्षा चांगली चालली होती.

"मग मला कोणी सांगितलं का नाही?" मी विचारलं. "प्रदर्शनातसुद्धा?"

"मामा नको म्हणाले," ती म्हणाली. "म्हणाले, सर नवीन आहेत, गावापासून लांब एकटे राहतात. चारचौघांत ओशाळं वाटलं तर शिकवायचा उत्साह जाईल. तुम्हाला शिकवतात चांगलं, ते बिघडवू नका."

मामा मागे वळून तिच्यावर डाफरले. "अगं, सांगू नको म्हटलं होतं ना? इतकी वर्षं दम धरला, आज काय झालं?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. "मामा, माफ करा" एवढंच म्हणता आलं.

"वाईट वाटलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "खोटं नाय बोलनार. पिसाचं नाय वाटलं. तेल म्हनालात, ठीक हाय, मानूस चुकतो. पन पोरांसमोर चंचुपात्रं धुवायला पाठवलंत, ते लागलं. आनि टेबल पाहिजे होतं मला. आज सांगितलंत, यांच्यासमोर सांगितलंत. झालं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग लगेच काढून समोर भिंतीकडे बोट केलं. आवाज पुन्हा मोठा झाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आता हे सांगा, सर. हा डोळा ऑपरेशनचा, हा जुना. जुना मिटला की ती भिंत पांढरीफेक, जरा निळ्याकडं झुकलेली. नवा मिटला की तीच भिंत पिवळट, चहा सांडल्यासारखी. भिंत एकच. मग खरा रंग कुठला?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. पुष्कळ वर्षांपूर्वी बघत होता तसाच.

"माहीत नाही, मामा," मी म्हणालो.

"मला पन नाय. इकडं या रे सगळे. कोनाच्या घरी एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं म्हातारं मानूस हाय? आधी विचारून बघा, त्यांना पन असंच दिसतं काय."

तीन-चार हात वर झाले. परिचारिकेने पर्समधून पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहायला घेतली.